शांत जागेचा बेत

११ नोव्हेंबर

आजही तेच. मी दुकानाचं शटर वर केलं, मशीनवरचं कापड काढून घडी घातली, तोवर जिन्यात चपला वाजल्या. हे खाली आले. काखेत पेपर, हातात चहाचा कप. खुर्ची ओढली ती थेट कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनला चिकटून. दुकान एवढंसं. त्यात दोन मशीनं, इस्त्रीचं टेबल, कपडे घालून बघायला पडदा लावलेला कोपरा, आणि आता त्यात हे.

उन्हाळ्यात बाटल्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता उशिरा उठतील, मनसोक्त गोल्फ खेळतील, मला दुपारचा चहा आयता मिळेल. तिथे बाटल्या भरायच्या लाइनवर सुपरवायझर होते, सगळा जन्म खणखणाटात गेला. म्हटलं, निवांत बसतील बिचारे. पण वर घरात त्यांना बसवतच नाही.

आज एक बाई ड्रेसची कंबर घट्ट करायला आली होती. पडद्याआड जायचं तर ह्यांचे गुडघे ओलांडून. ती अवघडली, "उद्या येते" म्हणाली. ती येणार नाही. मी म्हटलं, "अहो, जरा वर जाऊन बसा ना." तर म्हणतात, "तुझं चालू दे. मी कुठे मध्ये येतोय?" आणि मी मशीन थांबवलं की पेपरातून मान वर. "का थांबलीस?" जसं काही मी ह्यांच्याकडून पगार घेते.

लिहायला बसले, कारण बोलायला कोणी नाही. ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याबद्दलच तर तक्रार आहे.

१९ नोव्हेंबर

टोपीवाले आले होते. ह्यांचे गोल्फचे जोडीदार. डोक्यावरची टोपी लग्नकार्यातही काढत नाहीत, म्हणून आमच्या घरात त्यांचं नावच ते पडलं. दोघांची रविवारची सकाळ पालिकेच्या नऊ होलच्या मैदानावर जायची. ताप असला तरी जायचे. आता हे जात नाहीत.

"वहिनी, माझं काही चुकलं का?" टोपीवाल्यांनी हळूच विचारलं. हे तेव्हा वर आंघोळीला गेले होते. नळ चांगला धो धो वाहत होता, नेहमीसारखा. हल्ली आंघोळीला तासभर लागतो ह्यांना.

"तुमचं काय चुकणार?"

"मग मला सांगा तरी. मागच्या वेळी खेळता खेळता बॅग तिथेच टाकली आणि कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. पलीकडून हायवे जातो, तिथे. मी हाका मारतोय, हे गाड्या बघताहेत. मग म्हणाले, गुडघा दुखतो."

गुडघा! दिवसातून दहादा जिना चढतात-उतरतात, तेव्हा दुखत नाही तो. टोपीवाल्यांना मी तसं सांगितलं नाही. "दुखतो हो, वयच आहे," म्हटलं. नवऱ्याचं खोटं आपलंच असल्यासारखं सांभाळावं लागतं.

२ डिसेंबर

थंडी पडली आहे. स्वेटर, जॅकेट यांच्या चेन बदलायचं काम भरपूर. बोटं आखडतात.

आणि ह्या थंडीत हे पंखा लावून झोपतात. मी उठून बंद केला की पाच मिनिटांत परत चालू. काल मी चिडले. "मला न्यूमोनिया व्हावा असं वाटतं का तुम्हाला?" तर उशी घेतली आणि बाहेरच्या खोलीत गेले. तिथे टीव्ही लावून सोफ्यावर झोपले. सकाळी बघते तर टीव्हीवर भांडी विकायची जाहिरात आणि हे डोळे उघडे ठेवून छताकडे बघताहेत.

आजही तिकडेच अंथरूण घातलं आहे.

एवढी वर्षं कारखान्याच्या शिफ्टा होत्या. कधी हे झोपायचे तेव्हा मी उठलेली, कधी उलट. मला वाटायचं, सोबत वेळ मिळत नाही म्हणून आपलं बोलणं होत नाही. आता वेळच वेळ आहे आणि मधे भिंत. कदाचित मी त्यांना आवडतच नसेन, आणि हे शोधायला त्यांना आत्ता सवड मिळाली. हे वाक्य लिहिताना हात थांबला होता. पण लिहिलं.

२० डिसेंबर

धाकटी जेवायला आली होती. माझी बहीण म्हणजे तोंडाला कुलूप नाही, आणि ह्यांना ती आवडते, दोघं एकमेकांची टर उडवतात. आज टेबलावर सगळं छान चाललं होतं. मधेच हे म्हणाले, "गॅसवर काही ठेवलंय का? शिट्टी वाजतेय."

काही ठेवलं नव्हतं. धाकटी हसून म्हणाली, "भावोजी, कान वाजताहेत तुमचे! आता म्हातारे झालात!"

साधी थट्टा. पण ह्यांचा चेहरा उतरला, कोणी थोबाडीत मारल्यासारखा. चमचा ताटात ठेवला, उठले, आणि जिना उतरून रस्त्यावर गेले. जॅकेटसुद्धा न घेता.

धाकटी रडवेली झाली. "मी काय बोलले गं असं?" मला काय माहीत. मी तिला म्हटलं, त्यांना निवृत्ती मानवत नाहीये. लोकांना होतं तसं. कारखान्यात चाळीस माणसं हाताखाली होती, आता फक्त मी.

परत आले तेव्हा नाक लाल झालं होतं. धाकटीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "जेवण गार केलंस माझं." तिला बरं वाटावं म्हणून. मला मात्र बरं वाटलं नाही.

६ जानेवारी

सुचलं! इतक्या दिवसांत पहिल्यांदा मन हलकं झालंय.

ट्रॅव्हल कंपनीत काम करणारी एक मुलगी युनिफॉर्मची पॅन्ट आखूड करायला आली. हे नेमके बाहेर गेले होते. मी सहज विचारलं, गोल्फ खेळायला लोक कुठे कुठे जातात? तिनं वाळवंटातली मोठमोठी हॉटेलं सांगितली, हिरवीगार मैदानं, कारंजी. भाव ऐकून मी पिना तोंडातून काढून बाजूला ठेवल्या. नाहीतर गिळल्या असत्या.

मग ती म्हणाली, "मावशी, स्वस्तातही एक आहे. पण तिथे गवत नाही."

त्या हॉटेलांच्याही पुढे मिठाच्या खाणीची जुनी वस्ती आहे. खाण कधीच बंद पडली. कामगारांनी तेव्हा वाळूतच मैदान आखलं होतं, ते अजून आहे. पाणी नाही, म्हणून गवत नाही, म्हणून खर्च नाही. खेळणाऱ्यानं हातभर हिरव्या चटईचा तुकडा बरोबर घेऊन फिरायचं, बॉल त्याच्यावर ठेवून मारायचा. होलच्या भोवती तेल शिंपडून दाबलेली वाळू. राहायला एका बाईंचं घर. उन्हाळ्याच्या तोंडावर कोणी जात नाही, तेव्हा आणखी स्वस्त.

"आणि शांत किती म्हणून सांगू," ती म्हणाली. "गाडी नाही, पक्षी नाही. स्वतःचा श्वास ऐकू येतो."

बस्. हेच. जन्मभर बाटल्यांचा खणखणाट ऐकलेल्या माणसाला ह्याहून वेगळं काय द्यायचं? तिची पॅन्ट मी फुकट करून दिली.

१८ जानेवारी

परवा टोपीवाल्यांना गाठून बेत सांगितला. त्यांना एकदम पसंत. म्हटलं, तुम्ही दोघं जा, मी दुकान बघते. मी सांगितलं हे मात्र सांगू नका, तुमचीच कल्पना म्हणून सांगा.

आज त्यांनी विषय काढला. हे ऐकून घेत होते. "शांत" हा शब्द आला आणि ह्यांनी हात वर केला, कारखान्यात लाइन थांबवायला करत असतील तसा. "नाही. मला जमणार नाही. तू दुसरं कोणी बघ."

"अरे पण का?"

"नाही म्हटलं ना."

टोपीवाले गेल्यावर मी चिडून मशीन चालवत बसले, फडक्याच्या तुकड्यांवर उगाच शिलाया मारत. हे शेजारी. त्यांचा राग आला होता मला, आणि ते तर चक्क डुलक्या घेत होते!

मग डोक्यात आलं. माझ्याबरोबर येतील. टोपीवाल्यांना नाही म्हणता येतं, मला कसं म्हणतील? पण मला क्लब, म्हणजे ती गोल्फची काठी, कुठल्या टोकाला धरायची तेही माहीत नाही.

३० जानेवारी

आज पहिला धडा. घरी सांगितलं, बटणं आणायला घाऊक बाजारात जाते. खोटंच. बसनं मैदानाच्या शेजारच्या सरावाच्या जागी गेले. शिकवणारी कोच माझ्या निम्म्या वयाची, वेणी घट्ट, आवाज त्याहून घट्ट.

पहिल्यांदा क्लब फिरवला तो बॉलच्या वरून. दुसऱ्यांदा बॉलच्या मागची चटई फाटायची वेळ आली. तिसऱ्यांदा क्लबच हातातून सुटला आणि शेजारच्या गृहस्थांच्या पायाशी पडला. ते म्हणाले, "बाई, मी काही वाकडं केलंय का तुमचं?"

कोच म्हणाली, "ताई, एवढा जोर कशाला? कोणावर राग काढताय?"

अंदाज चुकीचा नव्हता.

शेवटी एक बॉल लागला. लागला म्हणजे खरंच लागला. टक् असा आवाज आला आणि तो उंच गेला, लांब गेला, आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. ह्या एवढ्याशा आवाजासाठी माणूस रविवारी अंथरुणातून उठत होता तर. मला हे आधी का कळलं नाही?

१५ फेब्रुवारी

आज लिहू की नको असं झालंय.

एका गिऱ्हाइकानं सांगितलं, "तुमचे मिस्टर रोज उड्डाणपुलावर दिसतात. कोणाची वाट बघतात का?" रोज! मला म्हणतात, फिरून येतो. मनात नको ते येऊन गेलं. ह्या वयात? पण लोक कुठल्या वयात काय करतील सांगता येतं का?

दुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि मागोमाग गेले. पुलावर पायी चालणाऱ्यांसाठी अरुंद पट्टी आहे, खालून हायवे जातो. हे मधोमध उभे होते, कठड्याला दोन्ही हात लावून. खालून ट्रकमागून ट्रक जात होते, पूल नुसता थरथरत होता, मला तर डोकं धरावंसं वाटलं. कोणी आलं नाही. कोणाशी बोलले नाहीत. डोळे मिटले होते आणि चेहरा शांत, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात झोपेत असायचा तसा.

हाक मारावी असं वाटलं. मारली नाही. तो चेहरा घरी आमच्या वाट्याला येत नाही, आणि इथे, धुरात, तो होता. मत्सर वाटला. कोणाचा ते सांगता येणार नाही. ट्रकचा?

मी आल्या पावली परतले. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "आज दुकान बंद होतं का गं?" मी म्हटलं, "बटणं संपली होती."

२५ फेब्रुवारी

सांगून टाकलं. तिकिटं काढली आणि मग सांगितलं, म्हणजे माघार नको.

हे दुकानात होते, मी कोटाच्या बाहीला इस्त्री करत होते. सगळं एका दमात बोलले. मिठाची खाण, चटईचा तुकडा, त्या बाईंचं घर, ऑफ सीझनचा दर.

"किती शांत असतं म्हणे?" ह्यांनी विचारलं.

"स्वतःचा श्वास ऐकू येतो इतकं."

पेपराची घडी घातली. मग, "माझ्याबरोबर खेळणार कोण?"

"मी."

"तू?"

मी इस्त्री उभी केली, कापड मोजायची लाकडी पट्टी उचलली, पाय फाकवले आणि कोचनं शिकवल्याप्रमाणे फिरवली. छान फिरली. वरचा दिवा थोडक्यात वाचला. ह्यांना हसू येईल असं वाटलं होतं. ते उठून माझ्याजवळ आले, माझा तळहात उलटा करून बघितला. अंगठ्याच्या मुळाशी फोड येऊन फुटले होते, त्यावर चिकटपट्टी होती. मी त्यांना सांगितलं होतं, कात्रीनं झालं.

"माझ्यासाठी शिकलीस?"

"मग काय टोपीवाल्यांसाठी?"

चिकटपट्टीवरून अंगठा फिरवत राहिले. डोळे भरल्यासारखे वाटले, पण इस्त्रीची वाफही होती. मग म्हणाले, "जाऊ या." एखाद्या कागदावर सही करावी तसं म्हणाले. पण म्हणाले!

धाकटीला लगेच फोन केला.

१८ मार्च

बॅगा भरल्या. ह्यांनी एक छोटा रेडिओ आणला, नवा, आणि मोज्यांमध्ये गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवला. मला सापडला. मी काढून कपाटात टाकला. "अहो, शांततेसाठी एवढं लांब जातोय, आणि तिथे जाऊन बातम्या ऐकणार?" मी लहान मुलाला रागवावं तसं म्हटलं. त्यांनी हट्ट केला नाही. "बरं," म्हणाले.

दिवसेंदिवस वजन उतरतंय त्यांचं. पॅन्ट कमरेत आत घेतली मी, दुसऱ्यांदा. वाळवंटाच्या हवेत भूक लागेल.

२२ मार्च

पोचलो. रात्रभर गाडी, मग बस, मग त्या बाईंची जीप. रेल्वेच्या प्रवासात हे बाळासारखे झोपले, मी म्हटलं, बघा, निघाल्याबरोबर गुण आला.

जीप बंद झाली आणि आम्ही उतरलो. असं काही मी कधी अनुभवलं नव्हतं. नुसती पिवळी जमीन, लांबवर मिठाचे पांढरे पट्टे, आणि आवाज म्हणून नाही. वारासुद्धा पडलेला. जुन्या खाणीच्या ऑफिसच्या दोन खोल्यांत आमची सोय. पांढरी भिंत, लोखंडी पलंग, खिडकीत मातीची सुरई. घरमालकीण मोजकं बोलते, पायांत पुरुषी बूट.

मी खिडकीत उभी राहिले आणि मला रडूच आलं, सुखानं. इतकी वर्षं मशीनचा आवाज माझ्याही डोक्यात होता तर, तो गेल्यावर कळलं. मी म्हटलं, "ऐका ना, किती छान!"

हे पलंगाच्या कडेवर बसले होते, बूट न काढता. "ऐकतोय," म्हणाले.

२३ मार्च

बेत फसला असं वाटतंय.

रात्री ह्यांना झोप नाही. मला जाग येईल तेव्हा येरझाऱ्या. सकाळी मैदानावर गेलो. मैदान कसलं, दगडांच्या ओळींनी आखलेलं वाळवंट. मला फार आवडलं. पण हे पहिल्याच होलला असे खेळले की मीसुद्धा बरी. मी काही विचारलं की ओरडून उत्तर देत, जसं काही आम्ही कारखान्यात उभे आहोत. मग दुसऱ्या होलला मी वाळूत बसून बुटातली वाळू काढत होते, गप्प, तर एकदम खेकसले, "तू बोलत का नाहीस? इथे आणलंस आणि आता तोंड शिवून बसलीस!"

मी चटईचा तुकडा त्यांच्या पायाशी टाकला आणि एकटी घरी परत आले. माझ्याच अंगात आलं होतं म्हणून मी हे घडवून आणलं. त्यांना नको होतं. माणसानं पहिल्यांदा नाही म्हटलं तेव्हाच ऐकावं.

दुपारी ते आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. "तुझं काही चुकलं नाही," म्हणाले. मी हात झटकला. आता वाईट वाटतंय.

२४ मार्च

जसं झालं तसं लिहिते. घाईनं नको.

उजाडता उजाडता जाग आली तेव्हा पलंग रिकामा. दारात घरमालकीण. "तुमचे मिस्टर पंपाशी बसलेत. गारठा आहे, पांघरायला काहीतरी द्या."

घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे डिझेलचा पंप लावून ती सकाळी टाकी भरते. सगळ्या वस्तीत तेवढाच आवाज, पण तो म्हणजे काय, पत्रा नुसता दणदणत होता. हे जमिनीवर बसले होते, पाठ शेडच्या भिंतीला, डोळे मिटलेले. पुलावरचा तोच चेहरा. ह्या वेळी मी परत फिरले नाही.

अंगावर शाल टाकली तशी दचकले. "डोळा लागला होता," म्हणाले. "इथे आल्यापासून पहिल्यांदा."

"ह्या धडधडाटात?"

तेवढ्यात पंप बंद झाला. टाकी भरली असेल. एकदम सगळं चिडीचूप. आणि मी ह्यांच्याकडेच बघत होते म्हणून दिसलं. चेहऱ्यावरचा तो शांतपणा कोणी ओढून काढावा तसा गेला. दोन्ही तळहातांनी त्यांनी कान दाबले, मग उपयोग नाही म्हणून सोडले.

"काय होतंय? मला सांगा. आत्ता सांगा."

"शिट्टी वाजते."

"कुठे?"

"इथे." डोक्याला हात लावला. "थांबतच नाही. कारखान्यात होतो तेव्हापासून असेल, तिथे कळायचं नाही. घरी बसलो आणि सुरू झाली. झोपेतून उठलो की ती आधी उठलेली असते. आवाजात बसलो की बुडते. तुझ्या मशीनपाशी बुडते. पंख्यानं थोडी."

मी काय काय बंद करत आले ते सगळं डोळ्यांसमोर आलं. "मला का नाही सांगितलं?"

"आत्या," म्हणाले. एवढंच.

ह्यांच्या आत्याला मी फक्त फोटोत पाहिलं आहे. तिला आवाज ऐकू यायचे. एक दिवस घरच्यांनी तिला वेड्यांच्या इस्पितळात नेलं आणि परत आणलं नाही. हे तेव्हा शाळेत होते. तिचा हात ह्यांच्या हातातून सोडवला होता मोठ्या माणसांनी.

"कोणाला ऐकू येत नाही ते मला येतं," हे म्हणाले. "तिचंही असंच सुरू झालं असणार. धाकटी म्हणाली ना, कान वाजताहेत. मला वाटलं, कळलं सगळ्यांना."

मी पुलाचं विचारलं. मी पाहिलं होतं, हेही सांगितलं.

"ट्रकच्या आवाजात बरं वाटायचं. त्यासाठीच जायचो." थोडा वेळ वाळूत बोट फिरवत राहिले. "आधी त्यासाठीच. हल्ली खाली बघायला लागलो होतो."

मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. दोन्ही मुठींत धरली. सोडावंसं वाटेना. मी तेव्हा त्यांच्या मागे उभी होते, आणि घरी जाऊन बटणांचं खोटं बोलले होते.

"मग इथे कशाला आलात?" मी जवळजवळ ओरडले. "इथे काय होणार हे तुम्हाला माहीत होतं ना!"

"तुझ्या हाताला फोड आले होते," म्हणाले.

आता खरं लिहिते. मी त्यांना म्हटलं, काही होत नाही, सगळं ठीक होईल. पण मी घाबरले होते. मलाही ती फोटोतली बाई आठवली. तसंच असलं तर? मी बाही धरली ती त्यांना धीर द्यायला, की त्यांना कोणी नेऊ नये म्हणून, मला ठाऊक नाही.

मग घरमालकिणीकडे गेले आणि म्हटलं, पंप परत लावता येईल का? का, ते सांगता येणार नाही, डिझेलचे पैसे देते. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्यामागे बसलेल्या ह्यांच्याकडे बघितलं. "खालची टाकी धुवायचीच होती," म्हणाली आणि हँडल फिरवायला गेली.

हे तिथेच झोपले. मी शेजारी बसून राहिले.

२५ मार्च

सकाळी म्हटलं, चला मैदानावर. मी बोलत राहते.

आणि बोलत राहिले. पहिल्या होलपासून. गिऱ्हाइकांबद्दल, कोचबद्दल, माझा क्लब ज्यांच्या पायाशी पडला त्या गृहस्थांबद्दल, धाकटीनं लहानपणी माझ्या नव्या फ्रॉकला कात्री लावली होती त्याबद्दल. घसा कोरडा पडला की पाण्याचा घोट घ्यायचा आणि पुढे. ह्यांना त्या गृहस्थांचं ऐकून हसू आलं. बॉल बरे जात होते. मधूनमधून थांबून डोकं झटकायचे, मग मी आवाज वाढवायचे.

सातवं होल टेकाडावर आहे. वर पोचलो आणि माझ्या पिशवीत फोन टिंग टिंग करायला लागला. सगळ्या वस्तीत रेंज फक्त तिथे येते.

मी म्हटलं, "डॉक्टरला विचारू या."

"वेड्यांच्या?"

"कानाच्या. आधी कानाच्या. कान दुखत असता तर कोणाकडे गेला असतात?"

"आणि तो म्हणाला, कानात काही नाही, तर?"

"तर मी बरोबर असेन," म्हटलं. "तुमचा हात कोणी माझ्या हातातून सोडवून दाखवावा."

आमच्या शहरातल्या कानाच्या एका दवाखान्याचा नंबर शोधून मी फोन त्यांच्या हातात दिला. मीच बोलणार होते, पण ते म्हणाले, "नको. मी." मग बटण दाबायला त्यांना इतका वेळ लागला की पडदा काळा झाला, परत उजळवावा लागला.

फोन त्यांनी स्पीकरवर ठेवला. पलीकडे काम करता करता बोलणारी एक बाई. मागे कोणाचं तरी नाव पुकारत होते.

"हॅलो, बोला."

ह्यांनी मोठा श्वास घेतला. तो ऐकू आला, खरंच. "मला... मला एक आवाज ऐकू येतो. बाहेर काही नसताना. शिट्टीसारखा. सारखा."

मी त्यांचं मनगट धरलं होतं. नाडी बोटाला लागत होती. पलीकडे ती बाई काहीतरी टाइप करत होती.

"एका कानात की दोन्ही?" तिनं विचारलं.

ह्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं.

"हॅलो? शिट्टी एका कानात वाजते की दोन्ही?"

"दोन्ही," ह्यांनी सांगितलं.

"कारखान्यात वगैरे होतात का कामाला?"

"हो. बाटल्यांच्या."

"हं. तुमच्यासारखे बरेच येतात. ऐकण्याची तपासणी करावी लागेल. पूर्ण जात नाही, पण सुसह्य करता येतं, डॉक्टर सांगतील. पुढच्या गुरुवारी सकाळी चालेल? नाव सांगा."

ह्यांनी नाव सांगितलं. ती म्हणाली, येताना कानाचे जुने काही कागद असतील तर आणा, आणि फोन ठेवला. तिच्यामागे अजून कोणाला तरी पुकारत होते.

हे तिथेच वाळूत बसले. फोन तळहातावर तसाच धरलेला. माझ्याकडे बघितलं तेव्हा गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"अगं," म्हणाले, "तिला माहितीये."

"हो."

"एका कानात की दोन्ही, म्हणाली. तिला माहितीये."

मी शेजारी बसले. बोलत राहायचं मी विसरले होते, आणि त्यांनीही ते आठवून दिलं नाही. मग ते उठले, चटईचा तुकडा सरळ करून अंथरला, त्यावर माझा बॉल ठेवला आणि म्हणाले, "चल, तुझी पाळी आहे."